रोही आडवा आला

अप्पांच्या दुकानात विमा काढायला शिरलेला माणूस पुष्कळदा विमा न काढताच बाहेर पडायचा, आणि पडताना माझ्याकडे असा बघायचा की यात माझाच काहीतरी हात असावा. नांदेडला आरटीओ ऑफिससमोर पत्र्याच्या दुकानांची ओळ आहे. तिथे माझं झेरॉक्सचं दुकान आणि अप्पांचं विम्याचं दुकान लागून होतं. मध्ये भिंत म्हणून प्लायवूडची एक फळी होती. तिच्यातून मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा, आणि माझं मशीन बंद असलं की मी मुद्दाम ऐकायचोही.

गिऱ्हाईक घाईत असायचं. "अप्पा, गाडी पासिंगला लावायची हाय, पटकन पॉलिसी फाडा." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज, आणि मागून अप्पांचा संथ आवाज यायचा. "बसा. ह्यो कागद काय देतो ते भाईरचा कुणीबी सांगल. काय देत न्हाई ते मी सांगतो."

आणि ते खरंच सांगत बसायचे. लायसन नसलं तर नाही. प्यालेला असला तर नाही. घरच्या गाडीत भाड्याची माणसं भरली तर नाही. शर्यत लावली, वेगाची परीक्षा घेतली, तर नाही. प्रत्येक "न्हाई" झाला की थांबायचे आणि समोरच्याला विचारायचे, "कळलं का?" समोरचा "हाव" म्हणेपर्यंत पुढे जायचे नाहीत. बाहेर रस्त्यावर छत्र्या लावून बसलेले एजंट तेवढ्या वेळात चार गाड्या मोकळ्या करायचे. मी तापट माणूस. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मी फळीवर हात आपटून ओरडलोही, "अप्पा, दुकान टाकलंय का कीर्तन मांडलंय?" पलीकडून अगदी शांतपणे उत्तर आलं, "तू तुजं मशीन बघ, लई धूर करून राहिलं."

ते कंधारहून रोज बसने यायचे. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात काळी बॅग आणि उन्हाळा असो की हिवाळा, काखेत छत्री. शर्टाच्या आत गळ्यातलं इष्टलिंग. विम्यात काय नाही ते वाचून दाखवताना त्यांचा डावा हात शर्टावरून छातीवर, त्या लिंगावर असायचा. ती त्यांची सवय होती, त्यांना स्वतःला ती ठाऊकही नसावी. दुपारी भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. चहा कायम अर्धा, उरलेला अर्धा मला. आयुष्यभर दुचाक्यांचे विमे काढले, पण स्वतः दुचाकीवर कधी बसले नाहीत. मी स्कूटरवरून स्टँडवर सोडतो म्हणालो तर हात जोडायचे. "माझ्या डोळ्यांम्होरं गाडीचा शेवटच येतो बाबा. तू जा, मी चालत येतो."

त्यांचा सगळ्यात अवघड नियम म्हणजे घरच्या माणसाचा. नव्या गाडीचा विमा काढायला कोणी एकटा आला की ते विचारायचे, "नॉमिनी कोण?" तो बायकोचं नाव सांगायचा. "आण तिला." तो म्हणायचा, तिचं काय काम, नाव लिहा की. मग अप्पा एकच वाक्य बोलायचे. ते मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन. "क्लेम घ्यायला तू येणार न्हाईस. जी येणार हाय तिला ऐकू दे."

अर्धे लोक यावरच उठून जायचे. पण काही जण खरंच बायकोला, आईला घेऊन यायचे, आणि मग मजा यायची. हदगावकडचे एक गुरुजी नव्या मोटारसायकलीसाठी पत्नीला घेऊन आले. अप्पा वाचत वाचत "प्यालेला असला तर न्हाई" इथपर्यंत आले. बाई म्हणाल्या, "ते राहू द्या, ह्यांनी सोडलीय." अप्पांनी चष्म्यावरून गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी रस्त्याकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "सोडली असंल तर चांगलंच हाय. मी आपलं वाचून दाखिवतो." बाई आधी हसल्या, मग गप्प झाल्या, मग "चला, घरी चला आधी" म्हणून उठल्या. पुढच्या आठवड्यात गुरुजी एकटेच आले आणि बाहेरच्या छत्रीखालून विमा काढून गेले. अप्पांना त्याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

आता रोह्याबद्दल सांगायला हवं. रोही म्हणजे नीलगाय. किनवटच्या जंगलापासून खाली शिवाराशिवारात त्यांचे कळप हिंडतात, पिकं तुडवतात आणि रात्रीबेरात्री रस्त्यावर येतात. खरोखरच अपघात होतात. पण आमच्याकडे विम्याच्या कागदावर जेवढे रोही आडवे आले तेवढे जंगलात असतील असं मला वाटत नाही. फॉर्मवर "अपघात कसा झाला" अशी जागा असते. तिथे काय लिहायचं हे कोणालाच सुचत नसलं की एजंट आपणहून लिहून टाकायचे, "रोही आडवा आला." पिऊन पडला, रोही. दोघं भांडत चालले होते आणि नालीत गेले, रोही. एकाने तर आपली जीप मागे घेताना स्वतःच्याच न्हाणीघराची भिंत पाडली होती, त्यालाही रोहीच कामाला आला. ह्याला कोणी खोटं म्हणत नसे. ती लिहायची रीतच पडली होती, पत्रिकेवर वर श्री लिहावा तशी.

अप्पांनी रोही कधी लिहिला नाही. कोणी आग्रह केला की म्हणायचे, "रोह्याला बोलता येत न्हाई म्हून त्याच्यावर ढकलून राहिले व्हय?" त्याचा एक परिणाम असा झाला की कंपनीच्या लातूरच्या ऑफिसात त्यांच्या कागदावर कोणी शंका घेत नसे. इतर एजंटांच्या फायलींवर तपासणीला माणूस यायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचा. अप्पांच्या सहीची फाइल आली की साहेब लोक म्हणायचे, हे असंच झालं असणार. ज्यांचं खरं होतं त्यांना अप्पांमुळे लवकर न्याय मिळायचा. मला त्यांचा तेवढ्यापुरता अभिमान वाटायचा, आणि मी तो माझ्या गिऱ्हाइकांना बोलूनही दाखवायचो.

बालाजी आमच्याच ओळीच्या टोकाला गॅरेज चालवायचा. पंचविशी ओलांडलेला, नुकतं लग्न झालेला, हसरा माणूस. मोटारसायकलीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचा. शहराबाहेर नव्या बायपासचं काम चालू होतं. डांबर पडलं होतं, पण रस्ता वाहतुकीला सुरू झाला नव्हता. सरळ, रिकामा, मोठा रस्ता. रविवारी सकाळी दहा-पंधरा पोरं तिथे गाड्या घेऊन जमायची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, एकाने रुमाल खाली टाकायचा, आणि दूरच्या पुलाच्या खांबापर्यंत जो आधी पोचेल तो जिंकला. त्याला ती पोरं ड्रॅग म्हणायची. जिंकलेल्याला काही मिळत नसे. हरलेल्याने सगळ्यांना मिसळ खायला घालायची, एवढंच. बालाजी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पैशाने मिसळ खायचा.

एक दिवस तो अप्पांच्या दुकानात आला आणि म्हणाला, "अप्पा, आमच्या रेसचा विमा काढा की."

मी फळीपलीकडे हसलो. अप्पा हसले नाहीत. त्यांनी डबी उघडली, चष्मा लावला आणि ते कलम वाचलं. शर्यतीत गाडी वापरली तर न्हाई.

"ते मालूम हाय," बालाजी म्हणाला. "म्हून तर म्हणून राहिलो. ज्यादा हप्ता घ्या. क्रिकेटवाल्याचा विमा असतो, पिच्चरवाल्याचा असतो, मंग आमचा का न्हाई? आम्ही काय माणसं न्हाव?"

अप्पांना हा सवाल लागला. दुसऱ्या कोणी पोराला चार शब्द सुनावून वाटेला लावलं असतं. अप्पा दुसऱ्या दिवशी बस पकडून लातूरला गेले. तिथल्या साहेबांना त्यांनी सगळं सांगितलं. नांदेडात पोरं अशी अशी शर्यत लावतात, ह्या ह्या रस्त्यावर लावतात, त्यांना काही देता येतं का बघा. साहेब म्हणाले, बंदिस्त मैदान, सरकारी परवानगी, डॉक्टर, अँब्युलन्स, सगळं असलं तर कार्यक्रमाचा विमा निघेल. रस्त्यावरच्या खेळाला कोणतीही कंपनी काही देणार नाही.

परत आले ते जागेच्या शोधाला लागले. म्हणायचे, "बैलांच्या शर्यतीला, शंकरपटाला परवानगी मिळती, मैदान मिळतंय, जनावराचा डॉक्टर बी येतो. पोरांनी काय पाप केलंय?" एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचा आतला रस्ता त्यांनी जाऊन पाहिला. मग अर्ज घेऊन पोलिसांकडे गेले. इथे त्यांनी घोळ केला. तो घोळ त्यांच्यासारखा माणूसच करू जाणे. परवानगी कशासाठी हवी ते समजावून सांगताना त्यांनी बायपासचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. पुढच्या रविवारी बायपासवर पोलिसांची गाडी उभी होती. चार मोटारसायकली जप्त झाल्या. परवानगीचा अर्ज कुठे गेला कोणास ठाऊक. पोरांनी अप्पांशी बोलणं टाकलं. "म्हाताऱ्यानं चुगली केली" असं ती उघड म्हणायला लागली. संध्याकाळी अप्पा मला एवढंच म्हणाले, "मी त्यांच्यासाठीच गेलो व्हतो रे."

बालाजी मात्र रागावला नाही. पुढे पोलिस यायचे थांबले आणि रविवारचा खेळ पुन्हा सुरू झाला. महिनाभराने त्याने नवी गाडी घेतली आणि विम्यासाठी अप्पांकडेच आला, नियमाप्रमाणे बायकोला घेऊन. तिचं नाव महानंदा. माहेर उदगीरचं. अप्पा तिच्याशी दोन वाक्यं कन्नडात बोलले, तशी ती सैलावली आणि बाकावर नीट बसली.

"नॉमिनी म्हंजे काय ते माहिती हाय का, बाई?"

"फार्मावर नाव असतंय ते."

"ते न्हवं. नॉमिनी म्हंजे जी उद्या ह्याच बाकावर एकली येऊन बसणार हाय ती."

"काय अभद्र बोलून राहिले अप्पा," बालाजी म्हणाला.

"अभद्रच हाय. विमा ह्यो धंदाच अभद्राचा हाय. ऐक." आणि छातीवर हात ठेवून त्यांनी सगळं वाचलं. शर्यतीच्या कलमापाशी आले तेव्हा महानंदाने थांबवलं.

"म्हंजे हे तिथं बायपासला पडले, तर मला काय?"

"काय न्हाई."

"पुन्हा सांगा."

"काय न्हाई, बाई. एक रुपाया न्हाई."

ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलं का?" तो म्हणाला, ऐकलं. "सोडणार का?" तो म्हणाला, "सोडलंच म्हण." मग तिघांनी चहा घेतला. उरलेला अर्धा कप नेहमीप्रमाणे फळीवरून माझ्याकडे आला. मला तेव्हा वाटलं की अप्पांच्या पद्धतीचा आज खरोखर उपयोग झाला.

बालाजी गेला ती सकाळ रविवारचीच होती. बायपासवर, पुलाच्या अलीकडे. सोबतची पोरं घाबरली. कोणीतरी नावगाव न सांगता फोन केला आणि सगळे पांगले. पोलिस आले तेव्हा रस्त्यावर तो आणि त्याची गाडी, एवढंच होतं. पंचनाम्यात गाडी घसरून पडल्याचं लिहिलं गेलं. गॅरेजचं शटर खाली आलं आणि त्यावर कोणीतरी त्याचा हसरा फोटो चिकटवला. मी रोज त्याच्यासमोरून जायचो आणि तिकडे बघायचं टाळायचो.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याचे वडील, धाकटा भाऊ आणि महानंदा अप्पांच्या दुकानात आले. मी माझं मशीन बंद केलं आणि जाऊन दारात उभा राहिलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

वडील धर्माबादच्या मिरची बाजारात हमाली करून थकलेले. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "अप्पा, रोही लिवा. समदेच लिवतेत."

अप्पांनी चष्म्याची डबी उघडली आणि परत मिटली.

भाऊ म्हणाला, "त्या रस्त्याचं नाव वाचलं की कंपनीवाले रेसचंच बोलणार. त्यास्नी तुम्हीच जाऊन सांगितलं व्हतं न्हवं? आता तुमचाच कागद पायजे. तुमच्या कागदाला कुणी इचारत न्हाई."

हे खरं होतं. अप्पांनी पोरांच्या भल्यासाठी लातूरला जाऊन जे सांगितलं होतं तेच आता ह्या घराच्या वाटेत आलं होतं. आणि अप्पांच्या खरेपणाला एवढी किंमत आली होती की एक खोटं त्याच्या जोरावर सहज खपलं असतं. अप्पांचा चेहरा मी कधी इतका उतरलेला पाहिला नव्हता. ते महानंदाकडे वळले. ती त्याच बाकावर बसली होती, टोकाला, अंग चोरून.

"तू काय म्हणतीस, बाई? तुला तर मी सांगितलं व्हतं."

ती खाली बघतच बोलली. "सांगितलं व्हतं. मी ऐकलं, त्यानंबी ऐकलं. ऐकून च्या पिलो आन घरी गेलो. दर रविवारी त्यो भाईर पडायचा, तवा मला कळायचं कुठं चाललाय. तुम्हालाबी मालूम असंल. रस्त्यावर जाऊन उभं राहिलं का आपल्यातलं कुणी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. कोणावर ते सांगता येत नाही. अप्पांनी फॉर्म ओढला. चष्मा लावला. डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्या हाताने त्यांच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं, "रोही आडवा आला." दोन्ही हात टेबलावरच होते. मग त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "दोन प्रती काढ." मी काढल्या. आजही मी काढीन.

क्लेम मंजूर झाला. तपासणीला कोणी आलं नाही. महानंदाने त्यातून लातूरला क्लासेसच्या भागात पोरींसाठी खानावळ सुरू केली. त्याच महिन्यात अप्पांनी एजन्सी परत केली, दुकानाची पाटी उतरवली, किल्ली मालकाला दिली. मी भांडलो. म्हणालो, एका बाईचं घर उभं राहिलं, यात कसलं पाप झालं? ते म्हणाले, "पाप न्हाई केलं. पर आता मी कुणाला वाचून दाखवू?" त्यांच्या जागेवर मोबाइलची कव्हरं विकणारा आला. फळीपलीकडून दिवसभर गाणी ऐकू यायला लागली. मला करमेना.

नंतर एकदा रस्त्याच्या कामावरचा मुकादम झेरॉक्स काढायला आला आणि म्हणाला, "तुमचे ते छत्रीवाले अप्पा रविवारी आमच्या बायपासवर काय करतेत हो? मधोमध उभे राहतेत."

मी त्या रविवारी स्कूटर काढली. अप्पा खरंच उभे होते. रिकाम्या रस्त्याच्या बरोबर मध्यावर, पांढरं धोतर, डोक्यावर छत्री, हातात काळी बॅग. त्या टोकाला सात-आठ पोरं गाड्यांची नुसतीच घरघर करत उभी होती. बालाजी गेल्यावर ती काही दिवस गप्प बसली होती, आणि मग पुन्हा जमायला लागली होती. एकाने गाडी भरधाव आणली आणि अप्पांच्या अगदी जवळ येऊन ब्रेक मारला. अप्पा जागचे हलले नाहीत. पोरगा शिव्या देत परत गेला.

"अप्पा, हे काय मांडलंय?" मी ओरडलो. "मरायचंय का?"

"कागदावर लिवलंय न्हवं, रोही आडवा आला," ते म्हणाले. "जन्मात एक खोटं लिवलं. ते खरं करून राहिलो."

मी त्यांना दंडाला धरून ओढलं तर त्यांनी हात सोडवून घेतला. त्यानंतर ऊन असो, थंडी असो, ते कंधारहून पहिल्या बसने यायचे आणि उन्हं चढेपर्यंत उभे राहायचे. पोरांनी विनवलं, धमकावलं, एकदा बॅग हिसकावून लांब फेकली. अप्पा बॅग घेऊन आले आणि परत उभे राहिले. पोरं त्यांना रोहीच म्हणायला लागली. "आला रे रोही," अशी हाक ऐकू यायची आणि अप्पा तिला मान हलवायचे. लोक म्हणायचे, म्हातारा वेडा झाला. मीही मनात तेच म्हणायचो, पण दर रविवारी चहाचा थर्मास घेऊन जायचो. त्यातला अर्धा ते प्यायचे.

माझी मुलगी लातूरला क्लासला लागली तेव्हा मी तिला घेऊन महानंदाच्या खानावळीत गेलो. तिने ओळखलं, ताटं वाढली. जेवताना मी अप्पांचं सांगितलं. ती हातात वरणाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

"मला त्या दिवशी काय झालं ते अजून कुणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "कुणालाबी इचारलं की म्हणतेत, रोही आडवा आला, वहिनी. दीरबी तेच म्हणतो. सासरे तर आता रोह्याला शिव्या देतेत. समद्यांनी पाठ केलंय. त्याचं मरण मला ठाऊकच न्हाई."

त्या एका ओळीने तिला घर दिलं होतं, आणि तिच्या नवऱ्याची शेवटची वेळ तिच्यापासून काढून घेतली होती. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. अप्पांच्या आलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी ती पहाटेच्या गाडीने नांदेडला आली. मी तिला स्कूटरवर बायपासला नेलं. थंडीचे दिवस, कोवळं ऊन. अप्पा उभे होतेच. ती उतरली, अप्पांसाठी आणलेला डबा सांभाळत चालत गेली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि छत्री थोडी तिच्या बाजूला सरकवली.

त्या टोकाच्या पोरांनी तिला ओळखलं. एक गाडी बंद झाली, मग दुसरी, मग सगळ्याच. थोड्या वेळाने त्यातला एक जण गाडी ढकलत आमच्याकडे यायला लागला. बालाजीच्या गॅरेजवर कायम बसलेला असायचा तो. जवळ येऊन उभा राहिला, मान खाली.

"त्या दिवशी त्याच्या बाजूला तू व्हतास?" महानंदाने विचारलं.

"हाव, वहिनी."

"रोही आला व्हता का?"

त्याने अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "सांग तिला. कागदाची जिम्मेदारी माझी."

"न्हाई," पोरगा म्हणाला. "रोही-बिही कुणी न्हाई. पुलाजवळ खडी सांडली व्हती. त्यो म्होरं व्हता. माझ्या लई म्होरं. त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, हसला. आन मंग खडीत चाक गेलं. मी थांबलो, वहिनी, खरंच थांबलो. हाक मारली. त्यो हूं का चूं करत नव्हता. मंग समदे पळाले, मीबी पळालो."

"हसला?"

"हाव."

"म्हंजे जिंकून राहिला व्हता."

"हाव, वहिनी," तो रडायला लागला. "जिंकून राहिला व्हता."

महानंदा तिथेच रस्त्यावर खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. इतक्या दिवसांत ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती. माझंही भान गेलं, मी थर्मास हातात धरून पोराबरोबर रडत उभा राहिलो.

अप्पा आता कंधारलाच असतात. गुडघे धरलेत, बस सोसत नाही. बायपास सुरू झाला, त्यावर आता ट्रक धावतात. पण त्यांची आठवण निघाली की मला ती सकाळच दिसते. महानंदा रस्त्यावर बसलेली, अप्पांनी वाकून छत्री तिच्यावर धरलेली, आणि त्यांचा डावा हात पुष्कळ दिवसांनी शर्टावरून छातीवर गेलेला. पलीकडे पोरं गाड्या सुरू न करता, ढकलत ढकलत गावाकडे परत चालली होती.